शिडाची बोट: सगळे नळ बंद तरी पंप वाजतो, गरम नळाला कोमट आणि गार नळालाही कोमट पाणी

चेसापीककर
१३ जून, रात्री १०:२०

मंडळी, नमस्कार. बोटीच्या पाण्याच्या लाइनीवर कुणी स्वतः काम केलं असेल तर मदत हवी आहे. सगळं सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला उलटे प्रश्न कमी विचारावे लागतील.

आम्ही अमेरिकेत, मेरीलँडमध्ये कोलंबियाला राहतो, बोट अ‍ॅनापोलिसला बॅक क्रीकमध्ये उभी असते. ३४ फुटी, १९८८ सालची, आमच्याकडे तीन वर्षांपासून. ५ जुलैला आई-बाबा मिरजेहून येतायत. आईला संधिवात आहे. सकाळी गरम पाण्यात हात धरल्याशिवाय तिची बोटं नीट उघडत नाहीत. बोट घेतल्यापासून तिला चार दिवस पाण्यावर न्यायचं मनात आहे: ईस्टर्न बे ओलांडून वाय नदीत जायचं आणि दोन रात्री नांगर टाकून राहायचं. तिथे धक्क्याची वीज नाही. गरम पाणी मिळेल ते इंजिनाच्या उष्णतेवरच.

मांडणी अशी. पाण्याच्या दोन टाक्या, एक पुढच्या बिछान्याखाली आणि एक बाकाखाली. दोन्हींच्या नळ्या एकत्र येतात, पुढे जाळी, मग १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप. दाब ४० पीएसआयला पोचला की तो बंद होतो, २५ ला उतरला की सुरू. पंपानंतर लाइन दोन फाट्यांत जाते. एक फाटा थेट गार पाण्याचा: स्वयंपाकाचा नळ, बाथरूमचं बेसिन आणि बोटीच्या मागच्या पायरीवरचा शॉवर. दुसरा फाटा हीटरमधून फिरून त्याच तीन ठिकाणी गरम पाणी नेतो. हीटर कॉकपिटखाली, म्हणजे मागच्या उघड्या बैठकीखाली. तो ६ गॅलनचा, म्हणजे पावणेतेवीस लिटरचा. त्यात १२० व्होल्टवर चालणारा १५०० वॉटचा एलिमेंट आहे आणि इंजिनाचं कूलंट फिरवणारी कॉइलही आहे. हीटरच्या अलीकडे एक एनआरव्ही आहे, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप. हीटरवर ७५ पीएसआयचा रिलीफ व्हॉल्व्ह, दाब त्यापुढे गेला की आपोआप उघडून पाणी सोडणारा.

आता तक्रारी. रात्री सगळे नळ बंद असताना पंप दर वीस मिनिटांनी सेकंदभर वाजतो. आवाज मोठा नाही, पण पंप आमच्या उशीपासून दोन फुटांवर आहे आणि बायको प्रत्येक वेळी जागी होते. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, पाणी साठतं, ते गोडं आहे. धक्क्याच्या विजेवर दोन तास हीटर चालवला तरी गरम नळाला जेमतेम कोमट पाणी, आणि गार नळ उघडला तर तोही कोमट. इंजिनावर तर तास-दीड तास गेल्यावरही फारसा फरक नाही.

आतापर्यंत नळांचे वायसर बदलले, सगळ्या होज क्लिपा आवळल्या. एप्रिलमध्ये बोट पाण्यात टाकण्याआधी इंजिनाचं कूलंट बदललं होतं. इथे हिवाळ्यात सगळं गोठतं, म्हणून नोव्हेंबरात हीटर रिकामा करतो, त्याला बगल देणारी नळी उघडतो आणि उरलेल्या लाइनीत पिण्याच्या पाण्यासाठी चालणारं गुलाबी अँटिफ्रीझ भरतो. वसंतात ते धुऊन काढलं, बगलेची नळीही बंद केली. दोनदा तपासलंय.

नवा पंप मागवलाय, खोक्यातच आहे. रिलीफ व्हॉल्व्हच्या तोंडाशी ओल दिसते, तिथे प्लग मारावा का, हाही विचार आहे. शनिवारी दिवसभर बोटीवर असेन. कुठून सुरुवात करू?


कोथरूडचा प्लंबर
१४ जून, सकाळी ८:०५

मी पुण्यात बंगल्यांच्या प्रेशर पंप आणि सोलरच्या लाइनी करतो. बोट कधी पाहिली नाही, पण पाणी सगळीकडे सारखंच वागतं.

तुमचा मागचा शॉवर कसा आहे? दोन मुठी किंवा मिक्सर, आणि शिवाय हातात धरायच्या तोंडाला वेगळं बटण, असा आहे का?

विचारायचं कारण, सोलरवाल्या घरांत ही तक्रार आम्हाला महिन्यातून एकदा तरी येते. हँड शॉवर वापरून झाला की माणूस बटण सोडतो आणि पाणी थांबलं म्हणून निघून जातो. मिक्सर मात्र उघडाच. मग मिक्सरच्या पोटात गार आणि गरम लाइन एकमेकींना जोडलेली राहते, आणि ज्या बाजूला दाब कमी तिकडे दुसरीचं पाणी जातं. एका घरात तर सोलरचं गरम पाणी रात्रभर गार पाण्याच्या टाकीत जात होतं. घरमालकांना वाटत होतं पॅनल खराब झालेत.

पंप बदलू नका अजून. आणि रिलीफ व्हॉल्व्हला प्लग अजिबात नको.


इंजिनरूम
१४ जून, दुपारी ३:३०

कोथरूडकरांचे शेवटचे वाक्य मी पुन्हा लिहितो. रिलीफ व्हॉल्व्हचे तोंड बंद करायचे नाही. मी तीस वर्षे व्यापारी जहाजांवर होतो, शेवटची बारा चीफ इंजिनिअर म्हणून. आता रत्नागिरीला असतो. बॉयलरवर काम केलेला कुणीही हेच सांगेल. थर्मोस्टॅट अडकला आणि एलिमेंट चालूच राहिला, तर त्या बंद डब्यातले पाणी शंभर अंशांच्या वर जाते, कारण दाबाखाली ते उकळत नाही. डबा फाटला की दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्याची क्षणात वाफ होते. तो हीटर तुमच्या कॉकपिटखाली आहे. त्याच कॉकपिटमध्ये तुमच्या मातोश्री बसणार आहेत. व्हॉल्व्ह गळत असेल तर तो का गळतो ते शोधू.

तुमच्या पत्रात मला तीन वेगळे आजार दिसतात आणि तुम्ही त्यांना एकच धरले आहे. म्हणून काहीच जुळत नाही.

पहिला, कोमट पाण्याचा. साधा हिशेब करा. पावणेतेवीस लिटर पाणी १५ अंशांवरून ६० वर न्यायला १५०० वॉटला पाऊण तास लागतो, थोडे अधिक धरा. दोन तासांत ते हवे तेवढे तापायलाच हवे. आणि गार नळाला ऊब येते आहे, म्हणजे पाणी तापते आहेच. ते तुमच्या नळापर्यंत पोचता पोचता गार पाण्यात मिसळते. कुठे मिसळते ते गार नळ सांगेल. हीटर तापवा, मग बेसिनचा गार नळ पूर्ण उघडा आणि पाण्याखाली हात धरून दोन मिनिटे थांबा.

पहिले काही सेकंद कोमट आणि मग गार झाले, तर एनआरव्ही धरत नाही. तापताना फुगलेले थोडे पाणी उलटे गार लाइनीत आले, तेवढेच ते. शेवटपर्यंत कोमटच राहिले, तर पाणी हीटरमधून फिरून कुठल्या तरी मिक्सरमार्गे गार लाइनीत येते आहे. तेव्हा कोथरूडकर म्हणतात तो शॉवर पाहा. अशा वेळी हीटरचा एनआरव्ही चांगला असला तरी उपयोग नाही, कारण हीटरमधून पाणी योग्य दिशेनेच जात असते. गार नळ खरोखर गार आणि फक्त गरम नळ कोमट, असे असते तर मी बगलेच्या नळीवर संशय घेतला असता. ती उघडी राहिली तर गार पाणी हीटर टाळून गरम लाइनीत शिरते, पण गार नळाला ऊब देऊ शकत नाही.

दुसरा, पंपाचा. नळ बंद असताना दाब उतरतो, म्हणजे पाणी कुठे तरी जाते. जायला दोनच वाटा: बाहेर, किंवा पंपाच्या आतल्या झडपांतून मागे टाकीत. दुसरी वाट असेल तर बिल्ज कोरडे राहते आणि माणूस आठवडाभर गळती शोधत बसतो. तुमचे बिल्ज ओले आहे, तरी खात्री करा. पंप चालवून दाब भरा, पंपाचा स्विच बंद करा, टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद करून पंपाची टाकीकडची नळी काढा. नळीतले थोडे सांडेल, ते पुसा. मग पंपाच्या त्या तोंडाखाली कोरडा टिशू पेपर धरा. पाच मिनिटांनी कोरडा असेल तर पंप निर्दोष आहे.

मग हार्डवेअरच्या दुकानातून ० ते १०० पीएसआयचा गेज आणा आणि मागच्या शॉवरच्या नळीच्या जागी लावा. गार बाजू उघडी, गरम बंद. हीटर थंड असू द्या. दाब ४० वर न्या, पंप बंद करा, घड्याळ लावा. एकदा सगळी लाइन मोकळी ठेवून. नंतर हिवाळ्यासाठी हीटरच्या दोन्ही बाजूंना तुम्ही व्हॉल्व्ह ठेवले असतील, ते बंद करून पुन्हा. दुसऱ्या वेळी दाब टिकला तर गळती त्या व्हॉल्व्हांच्या पलीकडे आहे, म्हणजे हीटर, त्याची जोडणी, रिलीफ व्हॉल्व्ह किंवा पुढची गरम लाइन. चाचणीपुरतेच ते व्हॉल्व्ह बंद ठेवा. ते बंद असताना हीटर तापवायचा नाही.

तिसरा आजार इंजिनाचा, पण आधी हे दोन निस्तरा.


हॅम्बलची वैदेही
१४ जून, संध्याकाळी ७:१५

आमची बोट इंग्लंडला, हॅम्बल नदीत. मागचा शॉवर आमच्याकडेही आहे आणि तीच सगळ्यांत दगा देणारी जागा आहे, कारण तो मुलं वापरतात. पोहून आली की पाय धुतात, बटण सोडतात, झाकण लावतात. मिक्सर आत तसाच उघडा. बाहेरून काहीच दिसत नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल सांगते. तुम्ही एका ओळीत लिहून गेलात की एप्रिलमध्ये कूलंट बदललं. माझ्या मते तिथेच उत्तर आहे. कूलंट काढलं की हीटरच्या कॉइलमध्ये आणि तिच्याकडे जाणाऱ्या नळ्यांमध्ये हवा शिरते. हीटर इंजिनाच्या भरायच्या झाकणापेक्षा वर बसवलेला असेल तर ती हवा तिथेच अडकते. इंजिनाला काही होत नाही, तापमान बरोबर दिसतं, फक्त हीटरकडे कूलंट फिरतच नाही.

ओळखायला सोपं. इंजिन वीस मिनिटं चालवा, बंद करा आणि हीटरच्या दोन कूलंट नळ्यांना हात लावा. जपून, चटका बसेल. दोन्ही गरम हव्यात, एक थोडी कमी. एक भाजते आणि दुसरी गार, असं असलं तर हवा अडकली आहे.

हवा काढायची ती इंजिन पूर्ण थंड असताना. हीटरवरची परतीची नळी काढून सगळ्यांत उंच धरा, तिच्यात नरसाळ्यानं तयार कूलंट ओता. हीटरच्या मोकळ्या तोंडातून कूलंट येऊ लागलं आणि बुडबुडे संपले की नळी परत घट्ट बसवा. खाली चिंध्या आणि भांडं ठेवा. इंजिनातलं कूलंट विषारी असतं आणि गोड लागतं, त्यामुळे सांडलेलं लगेच पुसा. तुमचं गुलाबी अँटिफ्रीझ वेगळं, हे वेगळं. नरसाळीसुद्धा वेगळी ठेवा.


चेसापीककर
१८ जून, सकाळी ११:००

शनिवारी सकाळी सहाला बोटीवर पोचलो, रात्री नऊला निघालो. तुम्हा तिघांचं लिहिलेलं छापून सोबत नेलं होतं.

सगळ्यात आधी मागच्या शॉवरचं झाकण उघडलं. दोन्ही मुठी अर्ध्याहून जास्त उघड्या. मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीत मुलांनी पाय धुतले होते, त्यानंतर कुणी हात लावला नव्हता. बंद करण्याआधी इंजिनरूम काकांची चाचणी केली: हीटर तापवून बेसिनचा गार नळ दोन मिनिटं. शेवटपर्यंत कोमट. मग मुठी बंद केल्या, पाच मिनिटं थांबून पुन्हा नळ सोडला. गार. गरम नळाला स्वयंपाकाचा थर्मामीटर लावला, ५७ अंश. तीन आठवडे मी हीटर उघडायच्या गोष्टी करत होतो. कोथरूडकर, तुम्ही बोट न पाहता बोट ठेवलंत ते नेमकं तिथेच.

टिशू पेपर कोरडाच राहिला, पंप चांगला आहे.

मग हीटर गार होऊ दिला, सगळी लाइन उघडी ठेवून गेज लावला. ४० वरून २५ वर यायला २२ मिनिटं. पंप रात्री वीस मिनिटांनी वाजतो, त्याच्याशी जुळलं. हीटरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा: तासाभरात ४० वरून ३९. हा मधला तास मी गेजसमोर बसून होतो, काटा हलत नाही हे बघायला.

रिलीफ व्हॉल्व्हची नळी हीटरमागे जाते, तिचं तोंड दिसत नाही. तिला एक लिटरची रिकामी बाटली बांधून रात्री परत गेलो. रविवारी सकाळी बाटली काठोकाठ भरून सांडली होती. व्हॉल्व्हची कडी चारपाच वेळा उचलून पाणी सोडलं. बारीक पांढरे खडे निघाले. त्यानंतर गळती कमी झाली, थांबली नाही.

नवा व्हॉल्व्ह आणायचा हे कळलं. पण तो पुन्हा गळणार नाही कशावरून? दोन वर्षांपूर्वी मागच्या मालकाच्या ओळखीच्या माणसाकडून हाच व्हॉल्व्ह बदलून घेतला होता.


इंजिनरूम
१८ जून, रात्री ९:१०

नीट केलेत. विशेषतः एका वेळी एकच गोष्ट बदललीत ते.

व्हॉल्व्ह पुन्हा गळेल. तुमचा जुना व्हॉल्व्ह वाईट नव्हता, तो आपले काम करत होता. पाणी तापले की फुगते. पंधरा अंशांचे पाणी ६० वर गेले तर सुमारे १.६ टक्के, इंजिनावर ८० वर गेले तर २.८ टक्के. तुमच्या हीटरपुरते हे साधारण ३७० आणि ६४० मिलिलिटर. एवढ्या पाण्याला जागा हवी. नळ बंद, अलीकडे एनआरव्ही. एनआरव्ही नसता तरी पंपाच्या झडपा आहेतच. म्हणजे लाइन सर्व बाजूंनी बंद. नळ्या थोड्या ताणतात, बाकी दाब ७५ पर्यंत चढतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. प्रत्येक वेळी तापवल्यावर थोडे पाणी बाहेर जाते आणि त्यासोबत क्षाराचा कण येऊन व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसतो. मग व्हॉल्व्ह ४० वरही गळू लागतो. तुमचा पंप त्या कणामुळे वाजत होता.

यावर उपाय एक्स्पान्शन टाकी: आत रबरी पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. ती कुठे बसवता याला महत्त्व आहे. पुष्कळ लोक पंपाच्या शेजारी बसवतात. पंप शांत होतो हे खरे, पण एनआरव्हीच्या अलीकडे असल्यामुळे हीटरचा फुगवटा तिच्यापर्यंत पोचत नाही. ती एनआरव्ही आणि हीटर यांच्या मध्ये, हीटरच्या गार पाण्याच्या तोंडाशी लावा. त्या जागी ती फार तापतही नाही. आणि तिच्या व हीटरच्या मध्ये बंद होणारा व्हॉल्व्ह ठेवू नका.

आकार. हवा २३ पीएसआय भरली, म्हणजे पंप सुरू होतो त्यापेक्षा दोन कमी, असे धरून मी गणित केले. एक लिटरची टाकी ६० अंशांलाच अपुरी, दाब शंभराच्या वर जातो. दोन लिटरची ६० ला चालेल, पण इंजिनावर ८० गाठले की ७५ ओलांडेल. तीन लिटरची ८० ला सुमारे ६५ वर थांबवते. म्हणून तीन किंवा अधिक. हवा भरताना लाइनीतला दाब पूर्ण सोडा, एक नळ उघडा ठेवा, नाही तर आकडा खोटा येतो.

आणखी एक, आणि हे तुमच्या मातोश्रींसाठी. इंजिनावर तापलेले पाणी ७०–८० अंशांपर्यंत जाऊ शकते. हीटरचा थर्मोस्टॅट फक्त विजेच्या एलिमेंटला थांबवतो, इंजिनाच्या कॉइलला नाही. साठ अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत त्वचा भाजते. बोटांची आग उशिरा जाणवणाऱ्या वयस्क माणसाला त्याहून लवकर इजा होते. हीटरच्या गरम तोंडावर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे गार पाणी मिसळून ठरलेले तापमान राखणारा व्हॉल्व्ह, बसवा आणि ४९ अंशांवर लावा. हे ऐच्छिक समजू नका.


हॅम्बलची वैदेही
१९ जून, दुपारी १:४०

काकांच्या मिक्सिंग व्हॉल्व्हला माझा जोरदार दुजोरा. फक्त गार आणि गरम दोन्ही तोंडांवर एनआरव्ही असलेलाच घ्या, नाही तर गार-गरम भेटण्याची आणखी एक जागा तयार होईल. मागच्या शॉवरच्या दोन्ही नळ्यांवरही छोटे एनआरव्ही टाका. मुलं मुठी विसरणारच.

आणि कूलंटच्या बाटलीवर कायम लक्ष असू द्या. कॉइलला भोक पडलं तर दोन्ही द्रव मिसळतात. पंप चालू असताना पाण्याचा दाब जास्त, म्हणून पाणी कूलंटमध्ये जातं आणि बाटली विनाकारण भरू लागते. पंपाचा स्विच बंद ठेवून इंजिन चालवलं तर उलटं होऊ शकतं, कूलंट पिण्याच्या पाण्यात. बाटलीची पातळी कारण नसताना वरखाली झाली की हीटरचं पाणी तोंडात घ्यायचं नाही.

कूलंटची हवा काढलीत का?


चेसापीककर
२९ जून, रात्री ११:३०

काढली. इंजिन वीस मिनिटं चालवून नळ्यांना हात लावला तेव्हा एक भाजत होती आणि दुसरी माझ्या हाताहून गार. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर परतीची नळी उंच धरून भरली, लिटरभर कूलंट गेलं. एवढी हवा एप्रिलपासून आत होती.

टाकी तीन लिटरची मिळाली नाही. घरांच्या गीझरला लावतात ती दोन गॅलनची आणली. कॉकपिटच्या कप्प्यात फळीला लाकडी पाळणा करून बसवली, म्हणजे लाटांत हलणार नाही. कारखान्यातून ४० पीएसआय हवा भरून आली होती, काका म्हणाले तशी लाइन मोकळी करून २३ वर आणली. नवा रिलीफ व्हॉल्व्ह तेवढ्याच दाबाचा, ७५ चा. त्याची नळी आता बिल्जमध्ये न सोडता पारदर्शक बाटलीत आणली आहे, कप्प्याचं झाकण उघडलं की दिसते. मिक्सिंग व्हॉल्व्ह एनआरव्हीवाला, ४९ ला.

हे करताना हीटरमागे जुन्या राखाडी पॉलिब्युटिलीन पाइपाचा दोन फुटांचा तुकडा सापडला. ऐंशीच्या दशकात घरांत आणि बोटींत सर्रास टाकत. क्लोरीनच्या पाण्यानं हा पाइप आणि त्याच्या जोडण्या आतून ठिसूळ होतात. तोही काढून पेक्स (आजचा प्लास्टिक पाइप) टाकला. टाक्या ब्लीचनं धुतल्या, साध्या बिनवासाच्या, पंधरा गॅलनला पाव कप, चार तास ठेवून, मग वास जाईपर्यंत पाणी सोडलं.

आज इंजिनावर दीड तास गेलो, थॉमस पॉइंटच्या दीपस्तंभापर्यंत आणि परत. बंद केल्यावर हीटरच्या तोंडाशी ७१ अंश, बेसिनच्या नळाला ४८. गेज तापण्याआधी ४०, नंतर ४६. रिलीफ व्हॉल्व्हची बाटली कोरडी. नवा पंप खोक्यातच बाकाखाली ठेवला, कधी तरी लागेलच.


कोथरूडचा प्लंबर
३० जून, सकाळी ७:४५

४६ वर थांबला म्हणजे टाकी आपलं काम करतेय. वर्षातून एकदा हवा तपासा. टाकीच्या हवेच्या वाल्व्हची पिन दाबली आणि हवेऐवजी पाणी आलं तर आतला रबर गेला, टाकी बदला.

आईंना शुभेच्छा.


चेसापीककर
१२ जुलै, सकाळी ६:५०

वाय नदीतून लिहितोय. काल संध्याकाळी नांगर टाकला. खाडीत सध्या जेलीफिश आहेत, सी नेटल म्हणतात ते, म्हणून पोहता आलं नाही. मुलांनी पाय मात्र मागच्या शॉवरवर धुतले. मी मुद्दाम काही बोललो नाही. नंतर बघितलं तर मुठी उघड्याच. गार नळ तरीही गारच. वैदेहीताई, ते दोन छोटे एनआरव्ही तुमच्यामुळे आहेत.

इंजिन काल दुपारी चारला बंद केलं. आज सकाळी सहाला बेसिनच्या नळाला ४६ अंश होते. चौदा तासांनंतर एवढं गरम पाणी राहील असं वाटलं नव्हतं, हीटरभोवती घातलेला फोम उपयोगी पडला असावा. आईनं बेसिन भरून पाचसहा मिनिटं हात बुडवून ठेवले आणि मग स्वतःच वेणी घातली. एरवी ही वेणी बाबा घालतात.

पंप रात्रभर वाजला नाही. बाबांनी पहाटे चहाला पाणी घेतलं तेव्हा पहिल्यांदा वाजला.